विसरलेली टाकी

"आमच्या घराची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही," असे समाधानाने सांगणारे गृहस्थ छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही नव्या वसाहतीत भेटतात, आणि ऐकणाराही त्या बांधकामाची तारीफ करून दुसऱ्या विषयाकडे वळतो. वस्तुतः हे ऐकून चिंता वाटावयास हवी. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचा मैला वीस वर्षे ज्या टाकीत पडत राहिला आणि तरीही जी भरली नाही, तिच्यातील ऐवज कोठे तरी गेलाच असला पाहिजे. आणि तो जेथे गेला ते ठिकाण बहुधा शेजाऱ्याची बोअर, रस्त्याकडेचा नाला अथवा खाम नदीचे पात्र यांपैकी एक असते. संडासाच्या टाकीविषयी लिहिणे हे सभ्य लेखणीचे काम नव्हे, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात अद्यापि आहे. जो विषय टाळल्यामुळे माणसे मरतात तो टाळण्यात कसली सभ्यता, हे मला कधीच उमगलेले नाही. मला जे मांडावयाचे आहे ते असे की, मैल्याच्या टाकीत माणसाला उतरावे लागते याचे मूळ घरमालकाच्या विस्मरणात आहे, आणि घरोघरच्या सदिच्छेवर विसंबून हे विस्मरण दूर होणार नसल्यामुळे टाकी उपसण्याची पाळी नगराच्या दप्तरात नोंदली गेली पाहिजे.

या विस्मरणाला इतिहास आहे. फ्रान्समधील व्हेसूल गावी झाँ लुई मुरा याने १८६० च्या सुमारास मैला आणि स्वयंपाकघरातील सांडपाणी एकत्र साठेल अशी बंद टाकी बांधली, आणि सुमारे बारा वर्षांनी ती उघडली असता तीत घन पदार्थ अगदीच अल्प आढळल्याने तो विस्मित झाला. १८८१ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले गेले. पुढे इंग्लंडात एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५ मध्ये अशाच टाकीला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले, जे आज आपल्या गवंड्यांच्याही तोंडी बसले आहे. मैला टाकीत पडला की तो आपोआप नाहीसा होतो, असा त्या पहिल्या काळातील उत्साह होता. अभियंत्यांचा तो भ्रम अनुभवाने लवकरच फिटला. आपल्या घरांतून मात्र तो सव्वाशे वर्षांनंतरही सुखेनैव नांदत आहे.

टाकीत खरोखर काय घडते हे प्रत्येक घरमालकाने एकदा तरी समजून घ्यावे, कारण त्यात अवघड असे काहीच नाही. आलेल्या मैलापाण्यातील जड भाग तळाशी बसतो, तेल-चरबीसारखा हलका भाग वर साय धरून तरंगतो, आणि मधला पातळ थर बाहेरच्या नळीने शोषखड्ड्याकडे जातो. तळच्या गाळावर हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू काम करतात व त्यातील काही अंश वायुरूपाने आणि काही विरघळून निघून जातो. परंतु उरलेला अंश उरतोच, आणि वर्षावर्षाने चढत जातो. म्हणून 'टाकी भरली' या आपल्या बोलण्याचा अर्थच आपण चुकीचा धरतो. टाकी पाण्याने तर वापर सुरू झाल्यापासून काही दिवसांतच भरते व नंतर सदैव भरलेलीच असते. पाहावयाचे असते ते गाळाचे प्रमाण. गाळ आणि साय मिळून द्रवाच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापू लागले की मधल्या पाण्याला थांबण्यास अवकाश उरत नाही, आणि कच्चा मैला तसाच शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रे बुजवू लागतो. संडासातील पाणी उलट वर येते तेव्हा मालकाला जाग येते, पण तोवर शोषखड्डा कायमचा नादुरुस्त झालेला असतो. दोन-तीन वर्षांनी एकदा उपसा करावा, असे तज्ज्ञ सांगतात ते यासाठी; आणि त्या वेळीही तळाशी थोडा गाळ दह्याच्या विरजणासारखा राहू द्यावा, म्हणजे जंतूंचे कार्य खंडित होत नाही. उलट ज्या घरी दर आठवड्याला संडासात अ‍ॅसिड ओतले जाते, त्या घरची टाकी ही केवळ साठवणीची जागा होऊन बसते, कारण काम करणारे जंतूच मालकाने मारलेले असतात. बाजारात मिळणाऱ्या पुड्यांनी गाळ नाहीसा होतो, या भरवशावर उपसा पुढे ढकलणेही तितकेच अनिष्ट होय.

आता प्रश्न येतो तो या नगराच्या भूमीचा. दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण, त्यावर मुरुमाचा थर आणि सखल भागी काळी माती, अशी येथील जमीन आहे. काळी माती पाणी शोषून घेण्यास नाखूश असते; मुरूम व भेगाळलेला खडक मात्र ते इतक्या तत्परतेने खाली नेतात की, मध्ये गाळले जाण्यास सवडच मिळत नाही. म्हणजे एका ठिकाणी शोषखड्डा तुंबतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो भूगर्भातील पाण्याला थेट जाऊन मिळतो. ज्या टाकीचा तळ ठेकेदाराने मुद्दामच गिलाव्यावाचून सोडलेला असतो, आणि मालकाला 'ही टाकी कधीच भरणार नाही' अशी हमी दिलेली असते, तिच्या न भरण्याचे रहस्य हेच आहे. ज्या शहराला नळाचे पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही विलंबाने येते, आणि मधले दिवस बोअर व टँकर यांवर काढावे लागतात, त्या शहरात ही गोष्ट किती भयावह आहे हे निराळे सांगावयास नको.

त्यातही गुंठेवारीचे प्रकरण विशेष विचारात घेण्यासारखे आहे. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमित करण्याचा अधिनियम केला व २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ दिला, आणि या शहरातील फार मोठी वस्ती त्या कक्षेत येते. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या या प्लॉटांवर कष्टकरी माणसांनी पैसा पैसा जोडून घरे उभी केली. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण अधिकृत वसाहतीत घर घेणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. परंतु गणित निष्ठुर असते. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जमीन; तिच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सत्तेचाळीस फूटही भरत नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान पन्नास-साठ फूट दूर असावा असा दंडक आहे. तेव्हा पूर्ण गुंठ्यात, आणि अर्ध्या गुंठ्यात तर अधिकच, बोअर आणि शोषखड्डा एकत्र नांदूच शकत नाहीत. घर नियमित करून मालकास दाखला दिला तरी हे अंतर वाढत नाही. अशा वस्तीत टाकी पक्क्या तळाची असणे आणि ती ठरल्या वेळी उपसली जाणे, एवढाच तूर्त उपाय उरतो.

जे जमिनीखाली जात नाही ते नाल्याने खाम नदीत जाते, आणि खाम वाळूजकडून दक्षिणेस उतरून नाथसागराच्या जलाशयाला मिळते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ज्याचे उद्घाटन केले, त्या जायकवाडी धरणाचाच हा जलाशय, आणि त्यातूनच उचललेले पाणी या नगराच्या नळांना येते. म्हणजे 'घाण डोळ्यांआड गेली' या समाधानाची मुदत एका नदीच्या लांबीइतकीच असते. अलीकडे खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम महानगरपालिका व काही संस्था यांनी मनापासून हाती घेतले, काठ साफ झाले, झाडे लागली, आणि त्याचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. पण काठ कितीही शोभिवंत केला तरी घरोघरच्या टाक्यांचे पाणी नाल्यांतून येत राहील तोवर पात्र निर्मळ होणार नाही. २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आपली घाण दुसऱ्याच्या गावी नेऊन टाकणे म्हणजे व्यवस्था नव्हे हे या नगराला एकदा कळून चुकले होते. मैल्याच्या बाबतीत तसा कोणी अडवणारा नाही, म्हणून तो धडा येथे लागू झाला नाही.

एवढे असूनही या विषयाचे खरे गांभीर्य पाण्यात नाही, ते माणसाच्या प्राणात आहे. वेळच्या वेळी उपसलेल्या टाकीतील गाळ पातळ असतो. उपसा करणाऱ्या गाडीची नळी वरच्या झाकणातून आत सोडली की थोड्याच वेळात काम आटोपते, आणि कोणालाही आत डोकावण्याचे कारण पडत नाही. परंतु दहा-पंधरा वर्षे विसरलेल्या टाकीत तळचा गाळ दबून घट्ट होतो, त्यात चिंध्या, प्लॅस्टिक आणि वाळू अडकलेली असते, नळी तो ओढू शकत नाही, आणि मग मालक व गाडीवाला यांच्यामध्ये ते वाक्य उच्चारले जाते, ज्याने आजवर कित्येक घरे उद्ध्वस्त केली: "एक माणूस आत उतरवावा लागेल." आत काय असते? हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीत साचून राहतो. अल्प प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याची दुर्गंधी येते, पण प्रमाण वाढले की तो प्रथम घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे 'आता वास येत नाही' ही जी खूण सुरक्षिततेची वाटते तीच कित्येकदा मृत्यूची असते, आणि त्याहून अधिक प्रमाणात दोन-चार श्वासांतच माणूस कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. २०२३ च्या मे महिन्यात आपल्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, अशाच एका टाकीत पाच मजूर मृत्युमुखी पडले. टाकीचे झाकण उघडून गाळ ढवळला की तळाशी कोंडलेला वायू एकाएकी मोकळा होतो. म्हणून तास-दोन तास झाकण उघडे ठेवल्याने धोका टळतो, हा समजही प्राणघातक आहे.

कायद्याने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. माणसाकरवी मैला उपसून घेण्यावर बंदी घालणाऱ्या १९९३ च्या कायद्याची अंमलबजावणी दुबळी ठरल्यावर २०१३ मध्ये नवा कायदा झाला, आणि त्यानुसार संरक्षक साधनांवाचून कोणाही व्यक्तीला गटार वा सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईस लावणे हा गुन्हा असून पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा निर्बंध केवळ सरकारी खात्यांना आहे असे समजण्याचे कारण नाही. तो खासगी घरमालकालाही तितकाच लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली व ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. तरीही मृत्यू थांबत नाहीत, याचे कारण कायदा शेवटच्या क्षणाला हात घालतो, आणि अनर्थाचा आरंभ मात्र त्याआधी दहा वर्षे, मालकाने उपसा पहिल्यांदा पुढे ढकलला त्या दिवशी झालेला असतो.

आणि आत उतरणारा तो कोण असतो, हा प्रश्न टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. हे काम कोणत्या जातींच्या वाट्यास आले, ते गरिबीने आले की जन्माने लादले गेले, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपणांस करू द्यावे म्हणून आग्रह धरला, नकार मिळताच उपोषण आरंभिले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यास उपोषण केले. उच्चवर्णीयाने स्वतः हे काम करून त्याचा कलंक पुसावा, ही त्यामागची भूमिका होती. डॉ. आंबेडकरांनी, ज्यांनी १९५० मध्ये याच नगरात मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली, या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरविण्यास ठाम विरोध केला, कारण अशा गौरवाने ते काम करणारा त्यातच जखडला जातो. मला आंबेडकरांचे म्हणणे अधिक निर्णायक वाटते: माणसाने करू नये असे जे काम आहे, त्याला मान मिळवून देण्यापेक्षा ते काम उरणारच नाही अशी रचना करणे श्रेयस्कर. परंतु अप्पासाहेबांचेही ऋण मोठे आहे, कारण ते उपोषणावर थांबले नाहीत. कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी सुधारित संडासांचे प्रयोग केले, आणि त्याच परंपरेत देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्रांसाठी आयुष्य वेचले, ज्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात तर १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतील वायूचा उपयोग करून घेण्यात आला होता. टाकीतून निघणारा वायू चुलीकडे वळवावा की मजुराच्या छातीत जाऊ द्यावा, हा निवड करण्याचा प्रश्न शतकभर आपल्यासमोर आहे.

या नगराचे स्वतःचेच एक उदाहरण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी, म्हणजेच हे नगर, वसवली आणि तिच्यासाठी जमिनीखालून नहर आणली, तेव्हा त्या नहरीला ठिकठिकाणी आत शिरण्याची तोंडे व हवा सुटण्याचे मनोरे ठेवले. म्हणजे जे जमिनीखाली बांधले ते पुढे साफ करावे लागणार, हे बांधतानाच गृहीत धरले होते. आज आपण टाकी बांधतो आणि तिच्यावर शहाबादी फरशी अथवा टाइल्स बसवून वर गाडी उभी करतो. नवे घर बांधणाऱ्याने ठेकेदाराला बजावून सांगावे, व जुन्या घरात राहणाऱ्याने यथावकाश करून घ्यावे, असे येथे पुष्कळ आहे: टाकी दोन कप्प्यांची असावी व पहिला कप्पा एकूण लांबीच्या दोन-तृतीयांश असावा, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी, तळ व भिंती आतून गिलावा करून पाणी न झिरपणाऱ्या असाव्यात, प्रत्येक कप्प्यावर उचलता येईल असे घट्ट झाकण असावे, वायू जाण्यासाठी छपराच्या वरपर्यंत नळी असावी, आणि उपसा करणारी गाडी जवळ येऊ शकेल अशी वाट मोकळी राहावी. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत सोडू नये. वर्षातून एकदा, जमिनीवर उभे राहूनच, लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी व बाहेर काढून गाळाची खूण पाहावी. त्या वेळी जवळ विडी-काडी पेटवू नये, कारण टाकीत मिथेन असतो व तो भडकतो. एवढी दक्षता घेणाऱ्या घरी माणूस आत उतरवण्याची वेळ येणार नाही.

परंतु हे सर्व व्यक्तीच्या स्मरणावर सोपवून चालत नाही. भाडेकरू बदलतात, घरे विकली जातात, वडिलांना ठाऊक असलेली टाकीची जागा मुलांना ठाऊक नसते. म्हणून वाईचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. कृष्णाकाठचे हे गाव मराठी वाचकाला विश्वकोशामुळे परिचित आहे. त्याच गावी नगरपालिकेने २०१८ पासून प्रत्येक मालमत्तेची टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसण्याची व्यवस्था सुरू केली, तिच्या खर्चासाठी मालमत्तेवर अल्पसा स्वच्छता कर बसवला, आणि उपसलेला मैला शुद्ध करण्याचे स्वतंत्र केंद्र उभारले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही हाच मार्ग धरला. या रचनेतील मर्म असे की, तेथे मालकाला अर्ज करावा लागत नाही, त्या दिवशी हातात पैसे असावे लागत नाहीत, आणि तक्रार येईपर्यंत कोणी थांबत नाही. गाडी ठरल्या वर्षी ठरल्या गल्लीत येते. गरीब कुटुंब उपसा पुढे ढकलते ते बेफिकिरीने नव्हे, एकरकमी खर्च झेपत नाही म्हणून. तोच खर्च कराच्या रूपाने वर्षावर वाटला गेला की ही अडचणच उरत नाही.

वाई लहान आणि हे महानगर विस्तीर्ण, तेथील योजना येथे कशी पेलणार, असा आक्षेप येईल. प्रारंभ साऱ्या नगरातून करण्याची गरज नाही. सातारा-देवळाई, पडेगाव-मिटमिटा, नारेगाव अशा, जेथे वस्ती ड्रेनेज लाइनच्या पुढे धावली, त्या भागांतून तो करता येईल. प्रत्येक प्रभाग कार्यालयात मालमत्ता कराच्या खात्याशेजारीच टाकीची नोंद, बांधकामाचे साल, अखेरच्या उपशाची तारीख आणि मैला कोठे रिकामा केला त्याची पावती ठेवता येईल. शहराकडे कांचनवाडी येथे दररोज १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचे मलनिस्सारण केंद्र आहे. उपशाच्या गाड्यांनी तेथेच मैला द्यावा, अन्यत्र रिकामी केलेली गाडी जप्त व्हावी, आणि गाडीवाल्यांना परवाना देताना हीच अट प्रमुख असावी. घरमालकानेही गाडीवाल्याला पैसे देण्यापूर्वी, हा मैला कोठे नेणार, हे विचारण्याचा परिपाठ ठेवावा.

दुसरा आक्षेप अधिक प्रबळ आहे: भूमिगत गटार आज ना उद्या दारात येणारच, मग टाकीचा एवढा विचार कशाला? ती यावी हीच माझी इच्छा आहे, आणि दाट वस्तीला खरा उपाय तोच आहे. पण शहराची हद्द वाढण्याचा वेग पाहता, आजच्या सातारा-देवळाईत लाइन पूर्ण होईल त्या दिवशी तिच्या पलीकडे दुसरी वसाहत टाक्यांवर जगत असेल. महाराष्ट्रातील कोणत्याही वाढत्या शहराचा अनुभव याहून निराळा नाही. आणि लाइन आली तरी जुनी टाकी आपोआप निरुपद्रवी होत नाही. घर लाइनला जोडून घेताना ती टाकी गाडीने पूर्ण उपसून घ्यावी, वरूनच पाणी सोडून धुवून पुन्हा उपसावी, यंत्राने तिच्या तळाला छिद्रे पाडून ती मुरूम-वाळूने थराथराने दाबून भरावी, आणि तसे केल्याची नोंद झाल्यावाचून जोडणीचा दाखला देऊ नये. नाहीतर पुढील पिढीत त्या अंगणात बांधकाम काढणाऱ्या मजुराचा पाय कुजलेल्या स्लॅबवर पडेल, आणि त्याखाली काय आहे हे त्याला सांगणारे कोणीही तेथे नसेल.